अकरा पोती

हेमकांतने माइक पुढे धरला, तसं बाराच्या खेळातून बाहेर पडलेलं पहिलंच पोरगं त्यावर तुटून पडलं.

"एक नंबर शे पिक्चर! पहिला भागना बाप शे! कंटेनरमाईन माल निंघस ना, तवय अंगवर काटा उना, भो!"

"पाचमाईन कितला स्टार?"

"सहा दे!"

मागच्या घोळक्याने शिट्ट्या मारल्या. शुक्रवारी शहाद्याच्या त्या थिएटरला नवा सिनेमा लागला की हेमकांत फोन आणि माइक घेऊन दारात उभा राहायचा. त्याचं चॅनल अहिराणीतलं. लोक सिनेमापेक्षा सिनेमाबद्दल काय बोलतात तेच जास्त चवीने बघतात, हे त्याने बरोबर हेरलं होतं. आज तर दुसरा भाग होता, अमली पदार्थांच्या टोळ्यांचा, त्यामुळे मतांना तोटा नव्हता. एकाला खलनायक लवकर मेला म्हणून वाईट वाटत होतं, दुसऱ्याला गाणी कमी पडली होती. पण एका प्रसंगावर सगळ्यांचं एकमत होतं.

"तो क्लार्क कोर्टमा साक्ष देस ना, तो सीन! आख्खा थेटर उभा ऱ्हायना!"

सिनेमात बंदरावरचा एक साधा कारकून होता. टोळीने त्याच्या पोरीला उचललं, तरी तो कोर्टात उभा राहतो आणि जे पाहिलं तेवढंच सांगतो. प्रेक्षकांतल्या भूपेंद्रनेही त्या वेळी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आता तो दाराजवळ रेंगाळत केसांवरून कंगवा फिरवत होता. आपल्याला बोलायचं नाहीच, असा आव आणून तो कॅमेऱ्याच्या बरोबर समोर उभा होता. तरुण नावाच्या त्याच्या मित्राला, बियाण्याच्या दुकानवाल्याला, त्याने स्टँडवरची मोटारसायकल काढायला पाठवून दिलं होतं.

"भूपेंद्र सायेब, तुम्ही बोला ना दोन शब्द!" हेमकांत म्हणाला.

अठरा वर्षं कृषी सहाय्यकाची नोकरी केलेल्या माणसाला दोन शब्दांत आवरत नाही.

"पिक्चर चांगला शे," भूपेंद्र म्हणाला. "पन रेड अशी नही ऱ्हास. मी सोता पंच व्हतू, गांजानी रेडमा. धडगावकडे."

"काय सांगतस!" घोळका जवळ सरकला.

"मंग! ह्या पिक्चरमा पंच डोंगर चढस, एकेक पुडी मोजस. अरे, तितला उनमा कोन चढस? मी जीपमा बठेल व्हतू. अकरा पोतां खाले उनात, बेचाळीस किलो भरनात. सही ठोकी, चहा पिधा, काम फत्ते!"

लोक खो खो हसले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. भूपेंद्रला बरं वाटलं. एवढं हसवायला सिनेमावाल्यांना कोट्यवधी लागतात आणि आपण ते उभ्या उभ्या केलं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. सोमवारी त्याच खटल्यात त्याची साक्ष होती. समन्स घरी टीव्हीखाली ठेवलेलं होतं आणि या घटकेला ते त्याच्या डोक्यात नव्हतं.

हेमकांतला आता शेवटाला एखादं गमतीचं मत हवं होतं. थिएटरच्या भिंतीला टेकून एक बाई दोर विकायला बसली होती. बैलांची दावी, कासरे, विहिरीचे दोर, सगळं वळून गुंडाळ्या करून ठेवलेलं. त्याने माइक तिच्यापुढे नेला.

"मावशी, पिक्चर दखा का?"

पोरं आधीच हसायला लागली. बाईने हातातला दोर खाली ठेवला. घरात ती डोंगरातली पावरी बोली बोलत असणार. बाजारापुरत्या शिकलेल्या अहिराणीत ती सावकाश बोलली.

"नही दखा. सायेब बोलना ते ऐकं."

"मंग कसं वाटनं?"

"हाई तुन्हा फोनमा राही का?"

"राही ना! आख्खी दुनिया दखी."

"मंग राहू दे, दादा. पुसू नको. माले वकीलले दखाडनं शे."

"कसाना वकील, मावशी?"

"त्या अकरा पोतां मन्हा घरवालाना शेतनां व्हतात. रायसिंग. दोन वरीस व्हयनात, जेलमा शे."

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते थोडा वेळ हसत राहिले. पुढच्यांनी मात्र भूपेंद्रकडे पाहिलं.

भूपेंद्रने बाईकडे पाहिलं. ती त्याला आठवत नव्हती. पाड्यावरच्या इतक्या बाया समोर येऊन उभ्या राहायच्या, कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवायचं? मग त्याची नजर तिच्या पुढ्यातल्या दोरांवर गेली आणि तिथेच राहिली. पांढुरका, चमकदार, किंचित खरखरीत धागा. तो त्याला झोपेतही ओळखता आला असता.

"बी तुम्हीज दिन्हं व्हतं, सायेब," ती बाई, दिवलीबाई, म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "अंबाडीनं. सरकारनं बी शे, भाजी व्हई, दोर व्हई, म्हनात तुम्ही. चांगलं उगनं. मानूसनी उंचीनं व्हयनं. गांजानां सहा झाडं व्हतात झोपडामांगे, मी खोटं नही बोलावू. त्यानी त्यासनी सजा भोगी लेवो. पन पोतांमा बाकी सगळी अंबाडी व्हती. तुम्ही जीपमाईन उतरनात ऱ्हातात, तर वळखी लेतात."

तिला वाटत होतं, तो उतरला नाही म्हणून त्याला कळलं नाही. एवढा चांगुलपणा तिने त्याच्यासाठी शिल्लक ठेवला होता.

खरं काय ते फक्त भूपेंद्रला माहीत होतं. तो जीपमधून उतरला नव्हता, पण पोती जीपच्या समोरच आणून टाकली होती. तिसऱ्या की चौथ्या पोत्याच्या तोंडातून अंबाडीचे तांबूस, काटेरी देठ बाहेर आले होते. पानं गांजासारखीच, बोटांसारखी फाटलेली, म्हणून शिपायांची गल्लत झाली असेल. कृषी सहाय्यकाची होणं शक्य नव्हतं. त्याने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पोलीस साहेबांनी पंचनामा पुढे सरकवला. उन्हाने डोकं तापलं होतं, घाट उतरायचा होता. वीस किलोच्या वर वजन गेलं की माणसाला सहसा जामीन मिळत नाही, हे त्याला नंतर कळलं. ते कळल्यावर त्याने सपाटीवर बदली मागून घेतली.

"हेमकांत, इकडे ये."

त्याने हेमकांतला तिकीटखिडकीच्या आडोशाला नेलं.

"पुसी टाक ते."

"सायेब, पन ती मावशी..."

"मी गंमत करी ऱ्हायनू व्हतू. लोकेसले हसाडाकरता. कोर्टनं काम शे ते, तूबी अडकशी." मग आवाज खाली आणून, अगदी मायेने तो म्हणाला, "हिंमतरावना ठिबकनी फाईल मन्हाकडेज शे ना? तुन्हा बापले सांग, पुढला आठवडामा मी सोता येसू शेतवर."

हेमकांत फोनकडे बघत राहिला. त्याच्या वडिलांनी त्या फाइलसाठी पाच खेपा घातल्या होत्या. दुसऱ्यांना मतं विचारणाऱ्या या पोराला स्वतःचं मत आज पहिल्यांदाच विचारलं गेलं होतं. त्याने अंगठा दाबला. पुसायचं का, असं फोनने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा दाबला.

दिवलीबाई तिथून सगळं बघत होती. फोनातलं तिला कळत नसेल, पण माणसाची मान खाली जाते कशी, ते कळायला काही शिकावं लागत नाही. ती ओरडली नाही, लोकांना गोळा केलं नाही. लोक तसेही पांगले होते. एकाने चार पावलांवर जाऊन पुन्हा त्या क्लार्कचा संवाद म्हणून दाखवला आणि बाकीचे वाहवा करत गेले. तिने एक गुंडाळी उचलली, उठली आणि भूपेंद्रच्या हातात दिली.

"नको, बाई."

"लई जा, सायेब. तुमनाज बीना शे. सोमवारे कोर्टमा इचारतीन, पोतांमा काय व्हतं म्हनी. हाऊ दोर हातमा धरज्यात आनि सांगज्यात."

ती परत जाऊन बसली आणि अर्धवट राहिलेला दोर वळायला लागली. दोन तळव्यांमध्ये धागा फिरत होता आणि ती पुन्हा वर बघणार नव्हती.

भूपेंद्रला ती गुंडाळी कुठे टाकून द्यावी तेही सुचेना. चार लोकांसमोर टाकता येईना, धरवतही नव्हती. तेवढ्यात तरुण गाडी घेऊन आला.

"कितली गर्दी व्हती रे स्टँडवर! मन्हा बी व्हिडिओ काढना व्हता." त्याचं लक्ष गुंडाळीकडे गेलं. "दोर लिधा का? पाहू."

त्याने दोराचं टोक बोटांत धरून चोळलं, पीळ थोडा उलगडला, धागा ताणून पाहिला. बियाण्याच्या दुकानात त्याच्या तीन पिढ्या गेल्या होत्या.

"मस्त शे. अंबाडीना शे ना?"

भिंतीजवळ दिवलीबाईचे तळवे थांबले.

भूपेंद्र गाडीवर मागे बसला आणि त्याने गुंडाळी दोघांच्या मध्ये, नजरेआड ठेवली.

"व्हई कसाना तरी," तो म्हणाला. "माले नही समजत. चाल."