जांभळी काच

“अण्णा, आधी शील्ड घाला, मग टाका मारा.”

“रेहने दे अल्पे. काळ्या काचेतून सांधाच दिसत नाही.”

“ही काळी नाहीये. बघा तरी!”

रघुजींनी तोंडावर चढवायची ती शील्ड हातात घेतली. काच साध्या खिडकीसारखी स्वच्छ. धार गावातल्या या वेल्डिंगच्या वर्कशॉपात जन्मभर त्यांनी एकाच रीतीने काम केलं होतं: रॉड सांध्यावर धरायची, डोळे घट्ट मिटायचे आणि टाका मारायचा. मिटल्या पापण्यांतूनही उजेड आत शिरायचा. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं, मग त्यांच्या पत्नी सरलाताई डोळ्यांवर ठेवायला बटाट्याच्या दोन गार चकत्या आणून द्यायच्या. पण या खेपेस डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळे आणखी भाजले तर नजर जाईल.

त्यांची मुलगी अल्पना देवासच्या कारखान्यात शील्डच्या काचेवर रसायनाचा पातळ थर चढवायची. झोत पडला की डोळ्याला कळायच्या आत तो थर गडद व्हायचा. झोत विझला की पुन्हा निवळायचा. यंत्रावरच्या सगळ्या चाचण्या झाल्या होत्या. राहिले होते अण्णा.

“भिया, बिटिया की मान लो,” फाटक न्यायला आलेले उमाशंकर बाकावरून म्हणाले. “मेरा गेट भी सीधा बनेगा.”

“तुझा गेट सीधाच असतो. तुझी भिंतच तिरकी आहे!”

रघुजींनी शील्ड चढवली. चर्रर्र. टाका नेहमीसारखा नेमका बसला.

“घ्या! झालं समाधान?”

“काच कुठल्या रंगाची झाली, अण्णा?”

“कुठल्या म्हणजे? हिरवी. वेल्डिंगची काच हिरवीच असते.”

अल्पना हसली. “माझी जांभळी होते. तुम्ही डोळे मिटले होते.”

उमाशंकर खो खो हसले. रघुजी ओशाळले, मग शील्डच्या आतूनच पुटपुटले, “पोरी, रॉड टेकली की पापण्या आपोआप मिटतात. माझ्या हातात आहे का ते?”

“मी आहे ना इथे.” आपली शील्ड घालून ती त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. काचेमागून तिला त्यांचे लालसर डोळे दिसत होते. रॉड खाली आली. पापण्या थरथरल्या, अर्ध्यावर आल्या आणि थांबल्या.

चर्रर्र.

या वेळी रघुजींनी रॉड लगेच उचलली नाही. टाक्याची हळूहळू लांब शिवण झाली.

“अगं... लोखंडाचं तळं होतं इथे,” शील्ड वर करत ते म्हणाले. “इवलंसं. कडेकडेनं थिजत येतं. इतकी वर्षं मी हेच करत होतो होय?”

उमाशंकरांचं फाटक त्या दिवशी जरा उशिराच गेलं, कारण रघुजींनी गरज नव्हती तिथेही शिवण मारली.

संध्याकाळी सरलाताईंनी सवयीने बटाट्याच्या दोन चकत्या वाटीत काढून ठेवल्या. रघुजी जेवून उठले, डोळे न चोळता अंगणात जाऊन आपल्याच जुन्या फाटकाचे टाके निरखत बसले. तोवर चकत्या काळ्या पडल्या होत्या. सरलाताईंनी त्या गाईच्या घमेल्यात टाकल्या, आणि वाटी धुऊन फळीवर पालथी घातली.