भुयारभाऊंची सवत

मी वही. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची. माझ्या अंगावर हे जे तेलकट अंगठे उमटलेत ते एका प्लंबरचे. आणि आधीच सांगून टाकते, मी स्वभावानं जळकी आहे. नंतर नावं ठेवू नका.

त्यानं मला आणलं ते दुरुस्तीची कामं लिहायला. माझ्या पहिल्या पानावर 'तिसरा मजला, गळका नळ' एवढंच आहे. दुसऱ्याच दिवशी जुन्या पुलाजवळ पाइपसाठी खणताना त्याला जमिनीखाली विटांची कमान लागली. मुकादम म्हणाला, "बुजव आणि पुढं चल." त्यानं बुजवली. पण दुपारच्या सुट्टीत तिचं चित्र माझ्यात काढलं आणि खाली लिहिलं, 'ही कुठं जाते?'

त्या तीन शब्दांनी माझं नशीब पालटलं.

कुणी एक राणी शत्रूला चकवून भुयारातून नदीपलीकडे निसटली, अशी तिकडे दंतकथा होती. पुलाच्या काही दगडांवर पाच बारीक रेघा कोरलेल्या होत्या, शेवटची तिरपी. त्या रेघा म्हणजे राणीच्या माणसांनी केलेल्या वाटेच्या खुणा, हे माझ्या माणसानं ठरवून टाकलं. मग काय, गडी सुटलाच! एका पानावर समुद्रानं गिळलेलं शहर, दुसऱ्यावर ताडामाडाएवढी माणसं, तिसऱ्यावर आकाशातून उतरलेले पाहुणे, आणि मध्येच 'अर्ध्या इंचाचे वॉशर आणणे'. कामावरचे सोबती त्याला भुयारभाऊ म्हणायला लागले. त्याला ते नाव आवडलं.

त्याची बायको ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे घ्यायला-द्यायला असे. दिवसभर उभं राहून पाय सुजवून घरी यायची. तो माझ्यात डोकं खुपसून बसलेला दिसला की म्हणायची, "बसलात सवतीला घेऊन?"

सवत! त्या शब्दानं मी अशी फुगायचे की विचारू नका. तो तिच्याशी बोलायचा ते गॅस संपला, घरमालक भाडं मागायला आला, एवढंच. मनातलं सगळं माझ्याजवळ. अकरा वर्षं मी हा तोरा मिरवला.

मग त्याच्या डोळ्यांची नस सुकायला लागली. त्याचं अक्षर आधी मोठं झालं, मग रेघा सोडून खाली घसरलं. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढी नजर टिकवू. गेलेली काही परत येत नाही." काम सुटलं. तो खिडकीपाशी मला मांडीवर घेऊन नुसता बसून राहायचा. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला वाईट गेले नाहीत.

एका रविवारी तिनं मला त्याच्या मांडीवरून उचललं. "द्या इकडं. मी वाचते."

"तुला कंटाळा येईल गं."

"येऊ दे. माझा मी बघेन."

माझी पानं तिच्या हातात! साबणाचा वास येणाऱ्या, कोरड्या, खरखरीत हातात! माझ्या अंगाची लाही लाही झाली. ती अडखळत वाचायची, नको तिथं हसायची. "एवढी मोठी माणसं म्हणता, मग त्यांचे कपडे कोण शिवायचं हो?" आणि तोही हसायचा. इतकी वर्षं मी उघडी पडून राहिले, पण त्याला हसवणं मला कधी जमलं नव्हतं. पुढं तो सांगायचा आणि ती लिहायची. तिचं ते गोल, नीटस अक्षर माझ्या पोटात काट्यासारखं रुतायचं.

वाचता वाचता ती पुलाच्या दगडांपाशी आली. पाच रेघांचं चित्र तिनं उजेडात धरलं.

"अहो, या वाटेच्या खुणा नाहीत."

"मग?"

"आम्ही कपड्यांच्या आत दोऱ्याचे टाके घालतो ना, कुणाचा कपडा ते कळावं म्हणून? तसं आहे हे. दगड घडवणाऱ्यानं आपल्या दगडावर खूण केलीय. आपलं काम ओळखू यावं म्हणून."

अकरा वर्षांचं भुयार एका वाक्यात ढासळलं. मला आतून उकळ्या फुटत होत्या. आता हा खवळणार, मला हिसकावून घेणार!

दोन दिवस तो धड जेवला नाही. तिसऱ्या सकाळी त्यानं विचारलं, "तो पाच रेघांचा माणूस... त्याचे आणखी दगड कुठं असतील गं?"

"चपला घाला. बघू या."

तेव्हापासून दर सुट्टीला दोघं निघतात. मी तिच्या पिशवीत. ती त्याचं बोट धरून भिंतींच्या दगडांवरून फिरवते. खूण लागली की त्याचा चेहरा उजळतो, आणि तो चेहरा तिच्याकडे वळतो. माझ्याकडे नाही. बाजाराच्या कमानीत सात दगड सापडले, जुन्या धोब्याच्या हौदात दोन. राणीचं मात्र अजून काहीच कळलेलं नाही.

आता माझी पानं संपली. नवी वही आलीय, निळ्या पुठ्ठ्याची, टवळी. मी फळीवर, हातोड्याशेजारी.

फळीवर ठेवण्याआधी ती मला शेवटची वाचत होती. एका कोपऱ्यात त्यानं कधीतरी लिहिलं होतं, 'घरात मला कुणी काही विचारत नाही.' तिथं ती थांबली.

"का गं थांबलीस?"

"काही नाही. अक्षर लागत नाहीये."

मग तिनं पेन घेतलं आणि त्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मलाही कुणी विचारत नव्हतं.'

ते त्याला दिसलं नाही. तिनं सांगितलं नाही. मला तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं, एवढी मी वाईट आहे. पण तुम्ही आता वाचलंय. पुलावर दगड चाचपणारा एक म्हातारा भेटला तर त्याला तेवढं सांगा. माझ्याच्यानं होणार नाही.