तीनशे चौसष्ट दिवस

अर्जात एक रकाना होता: वर्षातून किती दिवस उत्पादन चालते? मी उत्कर्षाला, म्हणजे माझ्या लेकीला, म्हणाले, लिही तीनशे पासष्ट. तिनं कॉम्प्युटरवरून मान वर केली. म्हणाली, आई, दिवाळीला निम्म्या बायका नसतात. मी म्हणाले, निम्म्या असतात ना? चूल पेटलेली असते ना? मग लिही. बढाई मारायचीच तर हात आखडता कशाला घ्यायचा?

आणि बढाई मारायचा मला हक्क आहे असं मला वाटायचं. अकरा वर्षांपूर्वी मी कडक भाकरी विकायचं काढलं तेव्हा आमचे मानसिंगराव, म्हणजे उत्कर्षाचे वडील, जीपच्या चाकाशी बसून हसले होते. वच्छला, भाकरी कोण विकत घेतंय, उद्या पाणी विकशील, असं म्हणाले. पाणी तर लोक तेव्हाच विकत घेत होते. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानदारानं पाकीट काउंटरवर ठेवू दिलं नाही. मी त्याच्या हातात एक दिलं आणि म्हणाले, महिन्यानं फोडा, मऊ पडलेली निघाली तर तोंड दाखवणार नाही. महिन्यानं त्यानं फोडलं. भाकरी अशी कडकडून मोडली की शेजारचा कापडवाला मान वळवून बघायला लागला. तेव्हापासून त्याच्याकडं माझी पाकिटं सगळ्यात पुढं असतात. मानसिंगराव आता त्याच जीपमधून ती पोचवतात आणि हसत नाहीत.

एका चुलीच्या अठ्ठावीस चुली झाल्या. अक्कलकोट रस्त्याला भाड्याचं पत्र्याचं शेड, अठ्ठावीस बायका. पण गेली तीन वर्षं आम्ही तिथंच अडकलो होतो. नवी पेठ झाली, एसटी स्टँड झालं, आता सोलापुरात पाकीट ठेवायला फळी उरली नव्हती. अशात पुण्याच्या एका कंपनीनं विचारलं. तिची चाळीस दुकानं, आणि तो अर्ज तिचाच. ते काम मिळालं तर स्वतःचं शेड, आणखी अठ्ठावीस चुली. नाही मिळालं तर आहे तिथंच म्हातारं व्हायचं. निवडीत शेवटी दोघंच राहिलो होतो, एक मी आणि एक मशीनवाला. त्याच्या मशीनवर ज्वारीची भाकरी तुटते म्हणून तो पिठात मैदा मिसळतो. मैद्याच्या भाकरीला भाकरी म्हणायचं तर रेड्याचं दूध काढायलाही बसावं.

पुण्याहून उदयसिंह नावाच्या साहेबांचा फोन आला. शुक्रवारी तपासणीला येतो, काम चालू दिसलं पाहिजे. मी म्हणाले, या की. शेडात जाऊन बायकांना सांगितलं. मला वाटलं, पोरी खूश होतील. उलट अठ्ठावीस लाकडी काटवटींवरची थापथाप एकदम थांबली.

गुरम्मा आमच्यात सगळ्यात जुनी. वळसंगच्या पुढं तिचं गाव, साठीला आलेली, भाकरी अशी पातळ थापते की तव्यावर टाकताना पलीकडचं दिसावं. ती हात धुवत शांतपणे म्हणाली की शुक्रवारी येळवस आहे.

खरं सांगते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी माढ्याकडची. आमच्याकडं येळवसेचं एवढं नाही. मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी अक्कलकोटकडची झाडून सगळी माणसं शेतात जेवायला जातात, गाव ओस पडतं, हे मला ठाऊक होतं. दर वर्षी बायका रजा मागायच्या, मी कुरकुरत द्यायची, दुसऱ्या दिवशी त्यांनी आणलेली ज्वारीची अंबील प्यायची आणि विसरून जायची. पूर्वी अर्ध्या बायका गल्लीतल्या होत्या, चार-दोन चुली पेटायच्या. यंदा मात्र अठ्ठावीसच्या अठ्ठावीस तिकडच्या. तारीख तिथीप्रमाणे सरकते, आणि मी अकरा वर्षांत एकदाही कॅलेंडर उलटून बघितलं नव्हतं. तीनशे पासष्ट लिहिताना तर नाहीच नाही.

साहेबांना फोन करून बघितला. दिवस बदलणार नाही, शनिवारी मशीनवाल्याकडं तपासणी, सोमवारी निर्णय. मग मी बायकांकडं वळले. दुप्पट हजेरी देते म्हणाले. कुणी वर बघेना. मग मात्र माझा तोल गेला. शुक्रवारी जी येणार नाही तिनं शनिवारीही येऊ नये, असं मी बोलून बसले.

गुरम्मा उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“अक्का, कंपनी तुमची हाय, न्हाय कोण म्हंतंय? पण त्यो दिवस आमचा हाय. ज्वारी पोटुशी असती बगा त्या दिशी. तिचं डोहाळजेवण करायचं, मग तिला काढायची, दळायची, थापायची. तुमी तिच्यावर येवढी कंपनी हुबी केलासा. येक डाव बी तिच्या जेवणाला आला न्हाईसा.”

एवढं बोलून ती परत काटवटीला बसली आणि राहिलेलं पीठ संपवूनच घरी गेली. मी मात्र फणफणत राहिले. माझ्याच शेडात मला शिकवते, असंच डोक्यात.

उत्कर्षानं तोड काढली. लग्नाच्या जेवणावळी करणाऱ्या एका ठेकेदाराकडून दिवसापुरत्या बायका आणायच्या. साहेबाला चूल पेटलेली दिसली म्हणजे झालं. गुरुवारी दुपारी आमच्या बायका येळवसेच्या तयारीला लवकर घरी गेल्यावर मी पंधराजणी बोलावून बसवल्या. हाताला वाईट नव्हत्या बिचाऱ्या. पोळ्या झकास करत असतील. पण कडक भाकरी म्हणजे थापली आणि भाजली एवढंच नसतं. तव्यावरून उतरवली की चुलीच्या कडेला उभी करून निखाऱ्याच्या धगीवर हळूहळू वाळवायची, घाई केली की करपते, विसरली की वातड होते. त्यांच्या निम्म्या करपल्या, निम्म्या वाकल्या. गुरम्माच्या रिकाम्या काटवटीवर बसलेली एकजण मला विचारत होती, बाई, किती वेळ ठेवायची असते ही?

हाच प्रश्न मी विचारला होता. अकरा वर्षांपूर्वी, गुरम्माला. मला मऊ भाकरी यायची, कडक कुठं येत होती? तिनंच शिकवली, माझ्या मागच्या खोलीत, पाटावर बसून. आणि तेव्हा तिनं सांगितलंही होतं, की तिच्या माहेरी येळवसेच्या आधी चार दिवस घरोघरी हीच भाकरी करून बांबूच्या डालग्यात रचून ठेवतात, शेतात न्यायला. मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. म्हणजे ज्या सणाची भाकरी मी पाकिटात घालून विकत होते, त्या सणाला जाते म्हणून मी तिला कामावरून काढायला निघाले होते. मला माझी इतकी लाज वाटली की तिथल्या तिथं मी पंधराजणींना हजेरी देऊन घरी पाठवलं. उत्कर्षा म्हणाली, आई, मग उद्याचं काय? मी म्हणाले, उद्या येळवस.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच शेडात गेले. फळ्यावर खडूनं लिहिलं: आज येळवस, कारखाना बंद. मग एक चूल पेटवली आणि पाच भाकऱ्या थापल्या. तपासणीसाठी नव्हे. जेवायला जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं?

साहेब दहाला आले. तिशी-पस्तिशीचा, बोलायला सभ्य माणूस. फळा वाचला, सत्तावीस थंड चुलींवरून नजर फिरवली आणि विचारलं, बायका कुठं आहेत? मी सांगितलं. तो रागावला नाही, उलट त्याला माझी कणव आली, आणि मला तीच जास्त झोंबली. तो म्हणाला, मॅडम, तुमचा माल चांगला आहे, मला स्वतःला तुमची भाकरी आवडते. असं करू. आजूबाजूच्या चार बायका बसवा, मी दोन फोटो काढतो, बाकीच्या चुली दुरुस्तीला आहेत असं लिहितो. तीनशे पासष्ट दिवस तेवढे कायम ठेवा.

त्यानं फाइल उघडून माझ्यापुढं धरली. माझी सही, माझा तो आकडा. शेजारच्या चार बायका हाक मारली की आल्या असत्या. स्वतःचं शेड हातभरावर आलं होतं, अगदी हातभरावर.

“साहेब, पेन द्या,” मी म्हणाले.

तीनशे पासष्टवर मी काट मारली. वर लिहिलं तीनशे चौसष्ट. पुढं सही केली.

“मॅडम, असं नाही चालत. आमच्या सिस्टीमला तीनशे पासष्टच लागतात.”

“मग तुमच्या सिस्टीमला येळवस शिकवा की. मला बी अकरा वर्षं लागली.”

त्यानं फाइल मिटली. मग म्हणाला की हे असंच लिहिलं तर काम मशीनवाल्याला जाईल, ते माझ्या हातात नाही. मी म्हणाले, जाऊ द्या. खोट्या चार बायकांवर मिळालेलं काम मला रोज खोट्या चार बायका बसवायला लावील. तुमचा मशीनवाला तीनशे पासष्ट दिवस मैदा घालतो, त्याला घ्या. त्याची गाडी वळून गेली. धीट बोलणं सोपं असतं, त्यानंतर उभं राहणं अवघड. मी चूल विझवली, भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि मानसिंगरावांना म्हणाले, जीप काढा.

गुरम्माचं शेत रस्त्यापासून आत होतं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी केलेली, आत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पुढ्यात पालेभाज्या-शेंगांची भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे. चहूकडं पोटरीतली ज्वारी. गुरम्माचा नवरा ईश्वरप्पा ज्वारीत अंबील शिंपडत कन्नडमध्ये काहीतरी ओरडत होता आणि मागून सगळं घरदार ओरडत होतं. माझ्या कारखान्यातल्या सात-आठ जणीही तिथंच होत्या, शेजारच्याच शेतांतल्या. मला बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. कामावरून काढलेल्या बायकांच्या जेवणात मालकीण आलेली.

मी गुरम्मापुढं फडकं सोडलं. म्हणाले, चुकलं माझं. तिनं एक भाकरी उचलली, कानाशी धरून मोडली.

“जाड झाली, अक्का. हात गेला तुमचा.” मग पत्रावळ माझ्यापुढं सरकवली. “बसा. आधी जेवा.”

जेवताना महादेवीनं विचारलं, पुण्याच्या कामाचं काय झालं? महादेवी गुरम्माची सून, तीही आमच्याकडंच थापायला. मी सांगितलं, गेलं. का गेलं तेही सांगितलं. मग महादेवी म्हणाली की तिचा भाऊ हडपसरला असतो, त्याच्या कंपनीतली निम्मी पोरं सोलापूरकडची, मेसच्या पोळ्यांना विटलेली. दुसरीची बहीण भोसरीला. तिसरीचा दीर पिंपरीत रिक्षा चालवतो. मी उंडा हातात धरून ऐकत राहिले. तीन वर्षं मी पुण्याच्या दुकानदारांचे उंबरे झिजवत होते, आणि पुण्यातली माझी दुकानं माझ्याच शेडात काटवटीवर बसली होती. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी अठ्ठावीसही जणी आल्या. पुढच्या रविवारी मानसिंगरावांची जीप पहिल्यांदा पुण्याला गेली. चाळीस दुकानं गेली होती, बायकांच्या सोयऱ्यांची अठ्ठावीस घरं मिळाली, आणि प्रत्येक घरामागं एक गल्ली. उन्हाळ्यापर्यंत जीप पुरेना, टेम्पो घेतला. स्वतःचं शेड अजून झालं नाही. चुली मात्र एक्केचाळीस झाल्या आहेत, भाड्याच्या पत्र्याखाली दाटीवाटीनं. पाकिटावर मी एक ओळ छापून घेतली: येळवसेला आमच्या चुली बंद असतात. उत्कर्षा म्हणाली, आई, असं कुणी छापतं का? मी म्हणाले, आपण छापतो.

ऑगस्टमध्ये उदयसिंहांचा मेल आला. पावसात मशीनची भाकरी चामड्यासारखी झाली, गिऱ्हाइकं परत करतात, आपण पुन्हा अर्ज भरावा. सोबत तोच अर्ज, तोच रकाना. मी उत्कर्षाला म्हणाले, कागदावर काढ, हातानं भरते. तीनशे चौसष्ट लिहिलं आणि स्कॅन करून पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. तीनशे चौसष्ट मान्य आहेत. उरलेला एक दिवस कोणता, ते लेखी कळवावे, म्हणजे तशी नोंद करता येईल.

तारीख मला आता पाठ होती. कॅलेंडरवर तांबडं गोल करून ठेवलं होतं. तरी उत्तराचा कागद मी भरला नाही. शेडात नेला आणि गुरम्माच्या पिठाळ हातात पेन दिलं. ती म्हणाली, अक्का, मी चौथी शिकलेली, ती बी कन्नड शाळेत, मला मराठी लिवायला येत न्हाय.

मी म्हणाले, येतंय तसं लिव.

तिनं हात पदराला पुसले आणि सावकाश, गोल गोल कन्नड अक्षरांत आपल्या सणाचं नाव लिहिलं. कोपऱ्यात पिठाचा अंगठा उमटला. उत्कर्षानं विचारलं, खाली मराठीत लिहू का, त्यांना वाचता कसं येईल?

मी म्हणाले, राहू दे. वाचायला शिकतील. आणि तो कागद तसाच पाठवला.