एकेचाळीस नंबरची वाळू

"टोक खाली धर. पानांना टेकवू नकोस, जमिनीला टेकव," गेरोल्ड म्हणाला.

अल्मुटनं गुडघ्यावर बसून टेपचं टोक मातीत दाबलं. सात नंबरच्या बागेचं कुंपण एक मीटर एकतीस भरलं. मर्यादा एक पंचवीसची.

"लिही. सात नंबर. कुंपण सहा सेंटीमीटर जास्त. मुदत चौदा दिवस."

ती उठली आणि फळीला अडकवलेल्या तक्त्यावर लिहू लागली. तेवढ्यात कुंपणापलीकडून साथोफबाईंचं पांढरं डोकं वर आलं.

"अध्यक्षसाहेब, त्या सहा सेंटीमीटरच्या आड मी काय उघडी आंघोळ करते?"

"करणार असाल तर आधी कळवा," ओन्नो म्हणाला. "आम्ही नियम बदलून टाकू."

ओन्नो हा गावातल्या भाड्यानं मिळणाऱ्या बागांच्या संघाचा खजिनदार. पोट पुढे, टोपी मागे, आणि सकाळपासून दोन बागांमध्ये बिअर झालेली. साथोफबाई त्याच्याकडे बघून हसल्या, पण नजर अल्मुटवर ठेवली.

"आणि तू काय गं, मुकाट्यानं लिहीत असतेस? हात नाही का दुखत?"

अल्मुट हसली. बेकरीच्या काउंटरमागे पहाटे पाचला गिऱ्हाइकापुढे हसायची, तसंच. मग तक्ता छातीशी धरून ती दोघांच्या मागून चालू लागली.

एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. जूनच्या पहिल्या शनिवारी अध्यक्ष बागांची तपासणी करतो, खजिनदार सोबत असतो आणि चिटणीस लिहितो. चिटणीस व्हायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा अध्यक्ष, म्हणजे तिचा नवरा गेरोल्ड, भर सभेत म्हणाला होता, "अल्मुट करेल." अल्मुट त्या वेळी आत सगळ्यांचा चहा करत होती. बाहेर आली तेव्हा टाळ्या वाजून गेल्या होत्या.

गेरोल्ड दारू पीत नाही. हात उचलत नाही. पगार घरात देतो, बूट दाराबाहेर काढतो, वाढदिवस लक्षात ठेवतो. बायका तिला नशीबवान म्हणत, आणि म्हणणाऱ्या बायकांचे नवरे पाहिले तर त्यांचं चूक नव्हतं. अशा बाईला तक्रार करायची झाली तर बोट ठेवायला जागाच सापडत नाही. मार खाणारीला निदान वळ दाखवता येतो. हिला काय दाखवायचं, रात्री कप कुठल्या बाजूला कान करून ठेवायचे ते?

चौतीस नंबरच्या फाटकाशी आल्यावर तिनं पेनाचं टोपण लावलं. ही त्यांची स्वतःची बाग. म्हणजे गेरोल्डच्या नावची. इथं टेप निघत नसे. ओन्नो फाटकातूनच म्हणायचा, "सुंदर," आणि ती "चौतीस, निर्दोष" असं लिहायची. बटाट्याच्या ओळी सुतात, कांदे सुतात, गवत गालिच्यासारखं. गेरोल्ड ते कात्रीनं कडेकडेनं कापत असे.

"सुंदर," ओन्नो म्हणाला. मग तो थोडा चुळबुळला. "गेरोल्ड, मी जरा तुझ्या खोपटामागं जाऊन येतो. बिअर आता थांबायला तयार नाही."

"संघाच्या घरात संडास आहे," गेरोल्ड म्हणाला.

"ते घर तिथं आहे, मी इथं आहे."

अल्मुट काहीतरी बोलायला गेली. पण खजिनदारानं तोवर पट्ट्याला हात घातला होता, आणि लघवीला निघालेल्या म्हाताऱ्याला अडवायचं कुठल्या तोंडानं?

खोपटामागं खताची पेटी होती. ती अल्मुटची जबाबदारी, म्हणून गेरोल्ड तिकडं कधी फिरकत नसे. पेटीच्या पलीकडं तीन पावलं रुंद आणि सात पावलं लांब अशी एक पट्टी होती. तीन वर्षांपूर्वी तिनं वाचनालयातून एक पातळ पुस्तक आणलं होतं, रानातल्या मधमाश्यांसाठी बाग करू पाहणाऱ्या नवशिक्यांचं. पहिल्या वर्षी तिनं ते धड उघडलंच नाही. हौसेनं भरपूर खत घातलं, वर मधमाशीचं चित्र असलेलं बियांचं स्वस्तातलं पाकीट विस्कटलं. गवत कमरेएवढं झालं, फुलं चार आली आणि त्यांवर काळं कुत्रं फिरकलं नाही. मग तिनं पुस्तक परत आणलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं: जमीन आधी उपाशी ठेवा. रानफुलांना खाऊपिऊ घातलेली माती सोसत नाही. ते वाचून ती स्वयंपाकघरात एकटीच कितीतरी वेळ हसत बसली होती.

दुसऱ्या वर्षी तिनं गवताचा थर कुदळीनं सोलून काढला, बादल्या बादल्या वाळू मिसळली, आणि इथल्याच रस्त्याकडेच्या फुलांचं बी लावलं. रानगाजर, निळ्या घंटा, मेंढीच्या कानासारखी मऊ पानं असलेलं एक झाड. हिवाळ्यात वाळलेले देठ कापले नाहीत. गावातली प्रत्येक बाई ऑक्टोबरात सगळं कापून, झाडून, बाग चकचकीत करून ठेवते, आणि त्या झाडलोटीत देठांच्या पोकळीतली पुढच्या वर्षीची पिल्लं कचऱ्याच्या गाडीत जातात. अल्मुटनंही तीस वर्षं तेच केलं होतं. या रानातल्या मधमाश्यांना ना राणी असते ना पोळं. एकेकटी राहते, एकेक भोक घेते, आपलं आपण बघते. यंदाच्या मेमध्ये एका निळ्या घंटेच्या फुलात तिला एक माशी झोपलेली सापडली. सकाळचे दहा वाजले होते. ती तिथंच पेटीच्या कडेवर बसून राहिली आणि गेरोल्डचं जेवण पंधरा मिनिटं उशिरा झालं.

ओन्नो पँट सावरत परत आला. चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं.

"अरे, तू तर छुपा रुस्तम निघालास. मागं जंगल केलंयस की. मला एका माशीनं हाकललं."

"कसलं जंगल?"

ओन्नोनं अल्मुटकडं पाहिलं. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं, आणि तो टोपी काढून तिच्या आत बघत बसला.

गेरोल्ड खोपटामागं गेला. ती मागोमाग गेली. पट्टी उन्हात गुंजत होती. निळं, पिवळं, पांढरं, सगळं एकमेकांच्या अंगावर, त्यातूनच उभे असलेले गेल्या वर्षीचे काळे देठ. गेरोल्ड पट्टीच्या कडेवर जाऊन थांबला.

"किती दिवस?"

"तिसरं वर्ष."

"तीन वर्षं," तो म्हणाला. "माझ्या पाठीमागं."

"अरे फुलं आहेत ती," ओन्नो कोपऱ्यावरून म्हणाला. "माणूस नाही ठेवलेला."

"लोकांना मी सहा सेंटीमीटरसाठी नोटीस देतो. आणि माझ्याच घरात हे." त्याचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. "लिही. चौतीस नंबर. रानटी वाढ."

तिनं टोपण काढलं.

"त्या देठांत पिल्लं आहेत," ती म्हणाली.

"कशाची?"

"माश्यांची. पुढच्या वसंतात निघतील."

"त्यांनी बागेसाठी प्रतीक्षा यादीत नाव घातलंय का?" तो म्हणाला. विनोद करताना तो आधी घड्याळ बघत असे. "पाऊण वाजायला आला. एक ते तीन शांततेची वेळ, आवाज करायचा नाही. तीनला मी गवत कापायचं मशीन लावतो. मुदतबिदत नको, अध्यक्षानं आधी स्वतःचं निस्तरावं. तसंच लिही. आजच काढण्यात येईल."

तिनं लिहिलं. अक्षर वळणदार आलं. एकोणीस वर्षांत हाताला सवयच झाली होती, हात तिला विचारत नसे.

शेवटची बाग एकेचाळीस नंबरची, रेल्वेच्या बांधाला लागून. ती भाड्यानं घेतलेला म्हातारा टेन्यो वारला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती ओसाड पडली होती. मध्ये एक मोडकं खोपट, बाकी नुसती पिवळी वाळू आणि कुठं कुठं खुरटी झुडपं.

"इथं बटाटा सुपारीएवढा होतो," ओन्नो म्हणाला. "फुकट दिली तरी कुणी घेणार नाही."

"अर्जदार कुणी नाही, असं लिही," गेरोल्ड म्हणाला आणि वळला.

दोघं पुढं निघून गेले. अल्मुट फाटकातून आत गेली. वाळूच्या उताराला पेन्सिल जाईल एवढी भोकं होती, पाच-पन्नास, बांधापर्यंत. एक करडी माशी पायांना पिवळं माखून आली, दोन वेळा घिरटी घालून नेमकी आपल्या भोकात शिरली. इथं कुणी बी टाकलं नव्हतं, कुणी देठ राखले नव्हते. फक्त दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. ती बसली. तक्ता गुडघ्यावर घेतला. दुसऱ्या हातानं मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून गळू दिली.

"अल्मुट," लांबून हाक आली. "चहाचं बघायचंय ना?"

तिनं आणखी थोडं लिहिलं, मग उठली.

संघाच्या घरात तिनं चहा केला. कपात खडीसाखर, वर काळा चहा, कडेनं साय. साखर तडकल्याचा आवाज झाला की वाचन सुरू, ही इथली रीत. चिटणीस सगळा अहवाल मोठ्यानं वाचतो, ज्याला हरकत घ्यायची त्यानं तिथंच घ्यायची, मग तिघांच्या सह्या. सही झाली की बदल नाही. ही रीत गेरोल्डनंच घातली होती, आणि ती चांगली होती.

ती वाचत गेली. सात नंबर, कुंपण. एकोणीस नंबर, पत्र्याची शेड. चौतीस नंबर, रानटी वाढ, आजच काढण्यात येईल. आवाज कुठं अडला नाही. ओन्नोनं चमचा कपात घालून ठेवला होता, पण ढवळत नव्हता.

"एकेचाळीस नंबर. भाडेकरू नाही. अर्जदार एक. अल्मुट फ्रेरिक्स."

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं.

"फ्रेरिक्स हे कोण?" ओन्नोनं विचारलं, आणि मग त्याला आठवलं. तो तिच्या लग्नाला आला होता.

"माहेरचं नाव कशाला?" गेरोल्ड म्हणाला. "आणि एका घराला एकच बाग. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तो नियम माझ्याच अक्षरात आहे."

"मग?"

तिनं पुढची ओळ वाचली. "पत्ता. डाइखस्ट्रासे नऊ, मागचा जिना, पहिला मजला."

"अगं, ती तर तुझी बेकरी," ओन्नो म्हणाला.

"बेकरीच्या वरची खोली. मालकीण फोकेनबाईंनी मार्चमध्येच किल्ली दिलीय."

मार्च, एप्रिल, मे. गेरोल्ड मनात मोजत असावा, त्याचे ओठ किंचित हलले. ओन्नोनं सायीत बोट बुडवलं, बाहेर काढलं, पुसलं. खरं तर त्याला पळून जायचं होतं, पण सहीशिवाय खजिनदाराला उठता येत नव्हतं.

"यादीत दुसरं नाव नाही," तो अखेर टेबलाला उद्देशून म्हणाला. "घर वेगळं. मग नियमाप्रमाणं... द्यावी लागेल, गेरोल्ड. हरकत कशावर घेणार?"

त्यानं सही केली आणि तक्ता सरकवला.

गेरोल्डनं चष्मा घातला. तो एकेचाळीस नंबरची ओळ वाचत होता. डावीकडून उजवीकडं, मग पुन्हा डावीकडून. इतक्या वर्षांत त्यानं तिचं लिहिलेलं इतक्या सावकाश कधी वाचलं नव्हतं. अल्मुटनं हात मांडीवर ठेवले होते. नखांत वाळू होती.

"हे अपूर्ण आहे," तो म्हणाला.

"काय राहिलं?"

"वेगळं घर कधीपासून, तो रकाना रिकामा आहे. तारखेशिवाय मला सही करता येत नाही."

"तिथं मी अडले होते," ती म्हणाली. तिनं पेन त्याच्याकडं केलं. "आजची घाल."

त्यानं पेन घेतलं. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, प्रत्येकामागं ठळक टिंब. मग खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत हात कागदावर धरून बसला.