दुरुस्ती खात्याचा तोटा

बाईंनी मान हलवली आणि दुरुस्ती खातं बंद करायचं जवळजवळ ठरूनच गेलं.

महिन्याची बैठक होती. खुर्च्यांच्या या कारखान्यात बाई गेल्या वर्षापर्यंत जोडणी खातं सांभाळत होत्या. खुर्चीचा पाय कुठे डुगडुगतोय हे त्या नुसत्या आवाजावरून सांगत. जुने व्यवस्थापक निवृत्त झाले, तेव्हा मालकांनी बाईंना वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत आणून बसवलं आणि सगळा कारभार हातात दिला. कामाला त्या कधीच घाबरल्या नाहीत. घाबरत होत्या त्या दर महिन्याला पुढ्यात पडणाऱ्या आकड्यांच्या कागदांना. हिशेबनीस तरुण होते, कडक इस्त्रीतले आणि आवाज कधी न चढवणारे. घसारा, खेळतं भांडवल, सामायिक खर्चाची वाटणी असे शब्द ते पाणी ओतल्यासारखे ओतत जायचे आणि बाई मान हलवत राहायच्या. कळत नाही म्हटलं तर लोक म्हणणार, बघा, हातोडीवालीला मोठ्या खुर्चीत बसवलं की असं होतं.

"दुरुस्ती खातं कितीतरी महिने तोट्यात आहे," हिशेबनीस म्हणाले. "बंद केलं तर तेवढा तोटा वाचेल. बाई, तुमचं काय मत?"

मान सवयीने हलली.

"मग पुढच्या बैठकीत पक्कं करू," मालक म्हणाले आणि पुढचा विषय निघाला.

आपण कशाला हो म्हणालो हे बाईंना जिना उतरताना उमगलं. खाली वेतवाले काका एका जुन्या खुर्चीची बैठक विणत होते. दुरुस्ती खातं त्यांचंच. हाताखाली पाच-सहा माणसं, आणि भोवती लोकांनी आणून टाकलेल्या लंगड्या, फाटक्या, पाठ मोडलेल्या खुर्च्यांचा ढीग.

"काय बाई, चेहरा का उतरलाय?" काकांनी विचारलं. "वर कुणी डुगडुगतंय का?"

बाईंना हसू आलं नाही. काकांना काय सांगणार? त्या पुढे गेल्या.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "ताईला विचार की. जन्मभर इस्पितळाचे हिशेब सांभाळलेत तिने."

ताई म्हणजे बाईंची थोरली नणंद. त्यांच्यापुढे घरातलं प्रत्येक माणूस तोलूनमापून बोले. बाई नव्या नवरी असताना भर पंगतीत ताई म्हणाल्या होत्या, "आमची वहिनी हौशी आहे, हिशेबी नाही." ते वाक्य बाईंच्या मनात कुसळासारखं रुतलेलं होतं. त्यानंतर दोघींचं बोलणं 'कशा आहात' आणि 'बरं चाललंय' याच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं.

पण अडला हरी. रविवारी बाई कागद घेऊन ताईंच्या दारात उभ्या राहिल्या.

ताईंनी टेबल रिकामं केलं, चष्मा नाकावर ओढला. "हं. काय कळत नाही?"

"सगळंच."

"काहीच न कळणारं माणूस एवढा कारखाना चालवत नसतं. शब्द कळत नाहीत, इतकंच." ताईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ही या खात्याची कमाई. यातून वेत गेला, पॉलिश गेलं, माणसांचे पगार गेले. काही उरतं की नाही?"

बाईंनी वजाबाकी केली. "उरतं. चांगलं उरतं. मग तोटा कुठून आला?"

"खाली बघ. इमारतीचं भाडं, पहारेकरी, तुझा पगार, मालकांची गाडी. हे सगळं प्रत्येक खात्याच्या डोक्यावर थोडं थोडं वाटलंय. आता समज, माझा भाऊ उद्या घर सोडून गेला..."

"अहो ताई!"

"उदाहरण देतेय गं. तो गेला, तर घराचं भाडं निम्मं होईल?"

"कसलं निम्मं! सगळं माझ्याच बोकांडी बसेल."

"मग दुरुस्ती खातं गेल्यावर इमारतीचं भाडं कमी होईल का?"

बाई कागदाकडे बघत राहिल्या. भाडं तेवढंच राहणार. ते इतर खात्यांच्या अंगावर पडणार, आणि दुरुस्तीतून उरत होतं तेही हातचं जाणार. तोटा थांबणार नव्हताच, उलट वाढणार होता.

"पण ही वाटणी कशी केली हे मात्र मला इथे बसून सांगता येणार नाही," ताई म्हणाल्या. "ते तुझ्या हिशेबनिसांना विचार. आणि कळेपर्यंत विचार."

त्यानंतर कामावरून परतताना बाई ताईंकडे थांबू लागल्या. यंत्राची किंमत एकदम न धरता ते राबेल तितक्या वर्षांत थोडी थोडी खर्चात धरायची, तो घसारा. माल विकला की नफा दिसतो, पण गिऱ्हाइकाने उधारी दिली नाही तर पगाराच्या दिवशी गल्ल्यात खडखडाट; तो होऊ नये म्हणून हाताशी लागतो तो पैसा म्हणजे खेळतं भांडवल. एकदा बाई ऐकता ऐकता मान हलवत होत्या. ताईंनी पेन खाली ठेवलं.

"तू अशी मान हलवलीस की समजावं, डोक्यात काही शिरलेलं नाही. लग्न झालं तेव्हापासून बघतेय."

बाई खळखळून हसल्या आणि त्या हसण्याच्या भरात इतक्या वर्षांचं कुसळ बाहेर पडलं. "तुम्हीच म्हणाला होता ना, मी हिशेबी नाही म्हणून!"

"म्हणाले होते. हौशी आहे असंही म्हणाले होते. आमच्या घरात सगळे मेले हिशेबीच. एक तरी हौशी माणूस आलं म्हणून मला केवढं बरं वाटलं होतं!" ताईंनी पेन पुन्हा उचललं. "तू अर्धंच वाक्य घेऊन गेलीस होय?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी हिशेबनिसांच्या खोलीत जाऊन सरळ विचारलं. हिशेबनीस आधी चकित झाले आणि मग चक्क खुलले. ज्या खात्याने जितकी जागा अडवली तितकं भाडं त्याच्या नावावर, असा जुन्या काळापासूनचा नियम होता. दुरुस्तीकडे मागचं अख्खं दालन होतं, म्हणून बोजाही मोठा.

"हे मला आधी सांगायचं नाही का?" बाई म्हणाल्या.

"कुणी विचारलंच नाही, बाई. तुम्ही मान हलवायचात. मला वाटायचं, पटतंय."

बाईंनी मग एकेक खुर्ची घेऊन तोच हिशेब मांडला. लाकूड किती, खिळे-बिजागऱ्या किती, माणसाचा वेळ किती. वेळेचे आकडे हिशेबनिसांच्या कागदात नव्हते. ते बाईंना ठाऊक होते, कारण त्यांचे हात त्या कामात मुरले होते. हॉटेलांच्या खुर्च्या झाल्या, शाळेची बाकं झाली, आणि मग आली घडीची खुर्ची.

ती बाईंनी स्वतः घडवलेली होती. तिच्या बिजागरीसाठी त्यांनी किती नमुने मोडले होते! त्या खुर्चीमुळेच मालकांनी त्यांना पहिल्यांदा नावाजलं होतं. हिशेब सांगत होता की तिचं लाकूड आणि मजुरीच विकण्याच्या किमतीपेक्षा जास्त आहे. भाड्यापर्यंत जायचीही गरज नव्हती. लाकूड स्वस्त होतं तेव्हा ठरवलेली किंमत तशीच राहिली होती, आणि जोडणी खात्याच्या एकूण नफ्यात हा खड्डा झाकून गेला होता.

बाईंनी आकडे पुन्हा तपासले. फरक पडला नाही. गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. पण दुसऱ्याच्या खात्याचा हिशेब मांडायचा आणि आपल्या लाडकीवर पांघरूण घालायचं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

पुढच्या बैठकीत बाईंनी मान हलवली नाही. त्या बोलल्या. दुरुस्ती खातं का ठेवायचं ते सांगितलं. ते रोख पैसे आणतं, उधारी नाही, हेही सांगितलं. काकांशी बोलून मागच्या दालनाचा अर्धा भाग मोकळा करता येत होता. तिथे तयार माल ठेवला की त्यासाठी बाहेर घेतलेलं भाड्याचं गोदाम सोडता येणार होतं, आणि ते भाडं मात्र खरोखरच वाचणार होतं. हिशेबनिसांनी भराभर आकडे मांडून बघितले आणि म्हणाले, "बरोबर आहे. हे मी या बाजूने बघितलंच नव्हतं."

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "घडीची खुर्ची. प्रत्येक नगामागे आपण पदरचे घालतोय."

मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "ती तर तुमची ना?"

"माझीच. म्हणून तर सांगायला जीभ रेटत नव्हती."

किंमत वाढवून बघायचं का, अशी चर्चा झाली. विक्री बघणाऱ्या गृहस्थांनी साफ नकार दिला. तेवढ्या किमतीला बाजारात दुसऱ्या दोन मिळतात. हातातल्या मागण्या पुऱ्या करून ती खुर्ची थांबवायची आणि माणसं हॉटेलांच्या कामावर घ्यायची असं ठरलं.

बैठक उठली. विक्रीवाले मात्र रेंगाळले. दार लोटून घेत हळूच म्हणाले, "बाई, ते खेळतं भांडवल म्हणजे नक्की काय हो? मला इतके महिने वाटत होतं, तुम्हाला सगळं कळतं."

घडीच्या खुर्च्यांची शेवटची खेप पुढच्या महिन्यात गेली. बाई मुद्दाम खाली आल्या, एक खुर्ची उघडली, तिच्यावर क्षणभर बसल्या. जरासुद्धा हलली नाही. मग त्यांनी ती स्वतःच्या हाताने मिटली आणि गाडीत चढवून दिली.

दर गुरुवारी दुपारी हिशेबनिसांच्या खोलीत आता सगळे खातेप्रमुख जमतात. पहिल्या गुरुवारी सहा जण आले, खुर्च्या पुरल्या नाहीत. खुर्च्यांच्या कारखान्यात ही गत, म्हणून काकांनी सगळ्यांची टर उडवली. तेवढ्यात दारात मालक दिसले. सगळे उठू लागले तसे ते हातानेच बसा म्हणाले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि जरा खाकरून त्यांनी विचारलं,

"मला एक सांगा. दर वर्षी तुम्ही नफा झाला म्हणता, सही मी करतो. मग ते पैसे असतात तरी कुठे?"

हिशेबनिसांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, खडू घेतला आणि फळ्याकडे वळले.