फाटकापाशी एकच झाड

माझी सून लुसेरो तूसॉनच्या वाळवंटात वाढलेली. पोरगी गुणी, पण पावसातलं तिला ओ की ठो कळत नाही. इथे हियालियात जूनपासून रोज दुपारी आभाळ फाटल्यासारखा कोसळतो, आणि ही म्हणे, फाटकापाशी सक्युलंट लावू या!

वाढदिवसाचं झाड घेऊन द्यायला मी तिला नर्सरीत नेलं. एकच, असं आधीच बजावलं होतं. ती थेट सक्युलंटच्या, त्या मांसल पानांच्या वाळवंटी झाडांच्या, कुंड्यांकडे वळली, मी ऑर्किडकडे.

"अगं, त्याची ऑगस्टपर्यंत लापशी होईल," मी म्हणाले. "ऑर्किड घे. फाटकापाशीच्या आपल्या अ‍ॅव्होकाडोच्या खोडाला जुन्या स्टॉकिंगनं बांधायचं की झालं. आमच्या गल्लीतल्या बायका झाडांना मोजे घालतात नि स्वतः अनवाणी हिंडतात."

ती खो खो हसली. "पण सासूबाई, बांधल्यावर पुन्हा हलवता येतं का हो?"

"कशाला हलवायचं? मुळं सालीला अशी चिकटतात की ओढली तर तुटतील."

"कुंडी कशी, गाडीत ठेवता येते," ती हळूच म्हणाली.

तूसॉनहून तिच्या नवऱ्याला, ओस्मेलला, नोकरीचं बोलावणं आलंय, हे मला ठाऊक होतं. दोघं कुजबुजायची आणि मी कॉफी गाळता गाळता कान देऊन ऐकायचे. जायचं ठरलं का, हे विचारायचा धीर मात्र होत नव्हता. एकुलता एक लेक माझा. पाऊसबिऊस सगळं निमित्त. मला सुनेलाच त्या खोडाला बांधून ठेवायचं होतं.

माझी मलाच लाज वाटली. तिच्या वयाची असताना मी माझ्या गावी, कामागुएत, आईला सोडून इथे आलेच होते. तिनं मला कुठे अडवलं?

मी सगळ्यात गुबगुबीत सक्युलंट उचललं आणि तिच्या हातात दिलं. "हेच घे. पडवीत ठेवू, छपराखाली. जाताना वर्तमानपत्रात मी नीट गुंडाळून देईन."

लुसेरोनं कुंडी फळीवर परत ठेवली आणि नर्सरीवाल्याला हाक मारली.

"दादा, हे एवढंसं ऑर्किड फुलायला किती दिवस लागतील?"

"दिवस कसले, तीन वर्षं! घाई असेल तर हे फुललेलं न्या."

"नको," ती म्हणाली. "लहानच द्या."