दसऱ्याच्या धुण्यातला कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळकुटा आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि ते मी कधी लपवलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते श्रीगोंद्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासचं टेबल. तो क्लास बंद पडला तेव्हा काष्टीच्या रोहिणीने मला जुन्या कॉम्प्युटरसकट घरी आणलं. त्या वर्षी क्रिप्टोचा भाव आभाळाला टेकला होता. दूध डेअरीवर जो तो बिटकॉइनवरच बोलायचा. तिचा चुलतभाऊ कल्याण दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचा.

"रोहे, बटनं बडवून कुणाचं भलं झालंय? माझ्यासंगं कॉईन घे, दोन म्हयन्यात गाडी दारात," तो म्हणायचा.

"मला कॉईन न्हाई घ्यायचं. ते ज्या कोडवर चालतंय, त्यो वाचायचाय," ती म्हणायची.

त्या कोडमध्ये फट राहिली तर चोर लोकांचे पैसे पळवतात. ती फट आधीच हुडकायची, हे काम तिला शिकायचं होतं. पाटाला पाणी सोडण्याआधी तिचे वडील बांधातली उंदरांची बिळं बुजवतात, तसंच. पुढे भाव कोसळला. कल्याण कांद्याच्या टेम्पोवर गेला. रोहिणी मात्र जागची हलली नाही. तीन वर्षं ती माझ्यावर शिकली, चुकली, पुन्हा शिकली. माझ्या अंगावरचं सगळ्यात झिजलेलं बटण बॅकस्पेसचं आहे, यावरून काय ते समजा.

त्या वर्षांत तिची बोटं फक्त माझी होती. मग जुना कॉम्प्युटर मेला आणि अशा फटी हुडकून मिळालेल्या सुट्या कमाईतून लॅपटॉप आला.

चपटा, चंदेरी, स्वतःचा कीबोर्ड पोटातच घेऊन आलेला! त्याला मऊ पिशवी, त्याला वेगळा पंखा. माझी खटखट सगळ्या आळीला ऐकू जायची. याच्या बटणांचा आवाजच नाही. रोहिणी म्हणाली, "किती शांत हाय!" इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. माझी वायर गुंडाळून मला कपाटावर टाकलं. तिथून पुढची तीन वर्षं मी त्याच्याकडे बघून जळत होतो.

यंदा नवरात्राच्या तोंडावर रोहिणीची आई रंगुबाई हिने दसरा काढला. आमच्याकडे दसरा काढायचा म्हणजे घरातली एकूण एक वस्तू धुवायची. गोधड्या, डबे, पाट, काही सुटत नाही. रंगुबाईने मलाही साबणाच्या पाण्यात बुचकळलं, दिवसभर उन्हात टाकलं आणि संध्याकाळी दाराजवळच्या भंगाराच्या पोत्यात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपची पाळी आली. तिने तो उघडून ओल्या फडक्याने चांगला घासून पुसला. फडकं नीट पिळलेलंही नव्हतं. पोत्यातून मी ते पाहिलं आणि खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या.

रोहिणी दहा वाजता कामाला बसली. अकराला तिची शेवटची परीक्षा होती. पास झाली तर क्रिप्टोच्या एका कंपनीत कायमची नोकरी, तीही काष्टीतल्या घरातून. चार तास कॅमेऱ्यावर कंपनीच्या लोकांच्या देखत कोड तपासायचा होता. वेळ बदलून मिळणार नव्हती. लॅपटॉपचा पडदा उजळला, पण बटणं मुकी.

"आई, ह्याला पान्यानं पुसलंस?"

"व्हय. धूळ किती हुती! सनाला तसंच ठिवायचं का?" मग लेकीचं तोंड बघून रंगुबाईने हातातलं फडकं पदराआड लपवलं. "माज्या हातनं लई वंगाळ झालं का गं?"

रोहिणीची बोटं ती मुकी बटणं पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. ती बोटं माझ्या ओळखीची होती. माझ्या गुदगुल्या तिथेच थांबल्या आणि मला माझीच लाज वाटली.

एकाएकी तिने पोतं उपडं केलं, मला ओढून काढलं आणि माझी वायर लॅपटॉपला जोडली. ज्याच्या नावाने तीन वर्षं बोटं मोडली, त्याच्याच दाराशी मी उभा! तिने पहिलं अक्षर दाबलं. मी दातओठ खात ते त्याच्याकडे दिलं आणि त्याने ते निमूटपणे पडद्यावर मांडलं. चार तास आम्ही दोघं राबलो. तिसऱ्या तासाला तिला फट सापडली, तेव्हा माझी खटखट इतकी वाढली की परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, हा आवाज कसला?

"माझा जुना कीबोर्ड आहे, मॅडम. याच्यावरच शिकले मी."

लॅपटॉपने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, याचं मला विशेष समाधान आहे.

नोकरीचं पत्र आलं. लॅपटॉपही दुरुस्त झाला. खंडेनवमीला कामाची हत्यारं पुजतात, म्हणून कोयत्या-खुरप्यांशेजारी आम्हा दोघांना मांडलं. रंगुबाईने लॅपटॉपला लांबूनच चिमूटभर कोरडी हळद लावली आणि हात मागे घेतला. मला मात्र कुंकवाचं ओलं बोट ठसठशीत टेकवलं.

"ह्यो बरा बाबा. धुतला तरी मरत न्हाई."

तरीही त्याच्यापुढचं झेंडूचं फूल माझ्यापेक्षा मोठं होतं, हे मी बघून ठेवलंय.

मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा जोडून बघा. नवीला ओलं फडकं लावू नका. आणि कुणाचा हेवा वाटलाच तर वाटू द्या, पण त्याचं वाईट चिंतू नका. त्या दिवशी तो नसता, तर माझं एक अक्षरही कुणाला दिसलं नसतं.